कापूस आणि कापड : इ. स. १९३३-३४ चा भारत-जपान व्यापारतंटा

व्यापारात तंटा उद्भवतो तो बहुधा दरावरून. मिटतो तो मात्र परस्परांच्या गरजेमुळे. इ. स. १९३३-३४ मधील भारत-जपान वस्त्रतंटा हे याचे बोलके उदाहरण होय.

डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाणाचा त्याग केला आणि येनचे मोल झपाट्याने घसरले. रुपया मात्र पौंडाशी बांधलेला होता. त्यामुळे जपानी कापड भारतीय पेठांत कमालीचे स्वस्त पडू लागले. मुंबईच्या गिरण्या हवालदिल झाल्या. लँकेशायरच्याही हातची बाजारपेठ निसटू लागली. तेव्हा ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात सरकारने ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के केली व जून १९३३ मध्ये ती ७५ टक्क्यांवर नेली.

जपानी गिरणीमालकांनी याला उत्तर दिले ते भारतीय कापसावर बहिष्कार घालून. हा घाव वर्मी लागला. जपान हा आपल्या कापसाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक होता. वऱ्हाड-खानदेशातील आखूड धाग्याचा कापूस लांब धाग्याला सरावलेल्या लँकेशायरला फारसा मानवत नसे. गिरणीला दिलेले संरक्षण शेतकऱ्याच्या मुळावर येणार, अशी चिन्हे दिसू लागली. दुसरीकडे, स्वस्त भारतीय कापूस दीर्घकाळ दूर ठेवणे जपानी गिरण्यांनाही परवडणारे नव्हते.

सप्टेंबर १९३३ मध्ये सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या आणि पुढे त्या दिल्लीत चालल्या. भारत सरकारची बाजू नाशिक येथे जन्मलेले व्यापारमंत्री सर जोसेफ भोर यांनी सांभाळली. जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला व जुलैमध्ये लंडन येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. जकात ५० टक्क्यांवर आली. जपानने वर्षाला १० लाख गासड्या कापूस घेतल्यास त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड पाठविण्याची मुभा मिळाली. १५ लाख गासड्या घेतल्यास ही मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढणार होती. बहिष्कार उठला.

करार निर्दोष नव्हता. मर्यादेबाहेर राहिलेल्या कापडी तुकड्यांची आयात वाढली आणि १९३७ च्या नव्या करारात त्यांवरही बंधन घालावे लागले. तथापि, खरेदी आणि विक्री या एकाच खतावणीच्या दोन बाजू आहेत, हे तत्त्व त्यात मान्य झाले. केवळ जकात वाढवून जे साधले नाही, ते या हिशेबाने साधले. समोरचा प्रतिस्पर्धी आपला ग्राहकही असतो, याचे भान सुटले की पेढी असो वा राष्ट्र, तोटा दोघांच्याही पदरी पडतो.