सिंदखेडची लढाई आणि फ्रेंच साधनांचे वाचन

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे गाव जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. अठराव्या शतकाच्या अभ्यासकास मात्र त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. १७५७ च्या डिसेंबरात पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या पदरचा सरदार रामचंद्र जाधव यास येथे वेढले; त्याच्या साहाय्यास निजामअली धावून आला आणि लढाई जुंपली. वर्षअखेरीस जवळच्याच साखरखेर्डे येथे समेट होऊन पंचवीस लक्षांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला मराठ्यांस मिळाला. ज्या साखरखेर्ड्यास १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिझखानास मारून दक्षिणेतील आपली सत्ता दृढ केली, तेथेच त्याच्या पुत्रास हा समेट करावा लागला.

लढाईची हकीकत मराठी पत्रांवरून बरीचशी जुळविता येते. परंतु १७५१ पासून सलाबतजंगाच्या सत्तेचा आधार बनलेला बुसी व त्याची कवायती फौज या प्रसंगी रणांगणावर का नव्हती, हा प्रश्न केवळ त्या पत्रांनी सुटत नाही. त्याचे उत्तर फ्रेंच कागदपत्रांत शोधावे लागते. फौजेच्या खर्चाकरिता बुसीस १७५३ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकार हा प्रांत मिळाला होता. १७५६ मध्ये निजामाच्या दरबाराशी त्याचे बिनसले व पुन्हा जुळले; त्यानंतर १७५७ चे साल त्याने त्या प्रांताचा बंदोबस्त, वसूल व इंग्रजांच्या ताब्यातील विशाखापट्टण घेणे यांत घालविले. तो औरंगाबादेस परतला तो १७५८ च्या आरंभी. तात्पर्य, सिंदखेडच्या लढाईचा एक धागा शेकडो कोस दूर समुद्रकिनाऱ्याशी जोडलेला आहे.

हे कागद वाचण्यास व्यवहारापुरते फ्रेंच पुरत नाही. पहिली अडचण नावांची. मराठी कागदांत बुसी ‘मुसाबुसी’ होतो, तसाच फ्रेंच कागदांत सलाबतजंग ‘सालाबेतझिंग’ होतो. ही अडचण सरावाने दूर होते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. १७५८ मध्ये लालीने बुसीस दक्षिणेतून परत बोलाविले. १७६१ मध्ये पाँडिचेरी पडली आणि १७६६ मध्ये पॅरिसमध्ये लालीचा शिरच्छेद झाला. या पराभवाचा दोष कोणाचा, या वादात फ्रान्समध्ये आरोपाची व समर्थनाची निवेदने छापली गेली. व्होल्तेरने १७७३ मध्ये हिंदुस्थान व सेनापती लाली यांविषयी लेखन करून त्या निकालाविरुद्ध आवाज उठविला. १७७८ मध्ये तो निकाल रद्दही झाला.

अशा निवेदनांतील प्रत्येक वाक्य घटना सांगते त्याचप्रमाणे वकिलीही करते. ‘ग्ल्वार’ या शब्दास कोश ‘कीर्ती’ हा प्रतिशब्द देईल. परंतु सरदारी कुळाचा मान, राजसेवा व लोकांच्या दृष्टीतील प्रतिष्ठा या त्याच्या छटा कॉर्नेयची नाटके अभ्यासिलेल्या वाचकास सहज उमगतात. साहित्याच्या प्रगत अध्ययनाचा इतिहाससंशोधनाशी असलेला संबंध तो हाच. तो नसेल, तर आत्मसमर्थनाला पुरावा समजण्याची चूक घडते, किंवा ऑर्म व ग्रँट डफ यांच्या इंग्रजी ग्रंथांतून गाळून आलेल्या वृत्तांतावर विसंबावे लागते.

महाराष्ट्रात या दिशेने पायाभूत कार्य झालेले आहे. डॉ. व्ही. जी. हातळकर यांचा १६६८ ते १८१५ या काळातील फ्रेंच-मराठे संबंधांवरील इंग्रजी प्रबंध मुंबई विद्यापीठाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या इतिहासाविषयीच्या फ्रेंच कागदांची त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरेही पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. भाषांतराने दार उघडते. तथापि मूळ शब्दांची पारख मूळ भाषेतच होते. वऱ्हाडच्या स्थानिक इतिहासाचा विद्यार्थी मोडीबरोबर फ्रेंचही शिकू लागेल, तर सिंदखेडच्या रणांगणाची दुसरी बाजू त्यास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.