धान्य गेलं, पिष्ट राहिलं

कर्बोदकं कमी करायचं ठरवलेल्या शाकाहारी मराठी माणसाला घरातून एक सल्ला हमखास मिळतो: मग उपवासाचंच खा की! वरवर पाहता सल्ल्यात खोट नाही. भात नाही, पोळी-भाकरी नाही, वरण-उसळही नाही; धान्य वर्ज्य करण्याची इतकी जुनी आणि इतकी घरोघर रुजलेली शिस्त दुसरीकडे शोधून सापडायची नाही. शिवाय पाश्चात्त्यांकडे कर्बोदकं तोडण्याचा जो इतिहास सांगतात, तो सगळा मांसाहाराचा. जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी शल्यवैद्याने १७९७ साली मधुमेहावर जो आहार छापून प्रसिद्ध केला, त्यात जुनं मांस आणि रक्ताची पुडिंगं होती. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था लावण्याचा धंदा करणाऱ्या विल्यम बॅन्टिंगने १८६३ मध्ये आपलं वजन कसं उतरलं याची पुस्तिका काढली. त्यानेही पाव, बटाटा, साखर आणि बिअर सोडली होती, पण ताटात मांस-मासे ठेवले होते. शाकाहाऱ्याला या इतिहासात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तो साहजिकच एकादशीकडे वळतो. पण एकादशीने पिष्ट कधी कमी केलंच नव्हतं. तिने ताटातून काढलं ते रोजचं अन्न. त्याच्या जागी जे आणलं त्याने पोट भरणं भाग होतं, आणि या दोन अटींत बसणारा जवळजवळ प्रत्येक नवा पदार्थ पिठूळच निघाला.

धर्मशास्त्रात उपवास हा एकच एक प्रकार नाही. काही न खाता राहणं, दिवसातून एकदाच जेवणं, फक्त रात्री जेवणं, न मागता मिळेल तेवढंच खाणं अशा त्याच्या पायऱ्या आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात व्रतांचा अफाट संग्रह केला, आणि विसाव्या शतकात पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्या साऱ्याची छाननी केली. ज्याला निर्जळी झेपत नाही त्याच्यासाठी परंपरेने एक यादी दिली आहे: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही. आपल्या विषयाची किल्ली या यादीतल्या ‘मूळ’ या नोंदीत आहे. मुळं आणि कंद म्हणजे पिष्टाची कोठारंच. पण यादी झाली त्या काळी कंद म्हणजे सुरण किंवा रानातून खणून आणायची करांदे-कोनफळांसारखी मुळं. ती खणायची, खाजरी असतील तर चिंच-आमसूल घालून उकडायची, आणि मिळतील तेवढीच खायची. तळ्यातला शिंगाडाही तसाच कष्टाचा. १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा खंड निघाला, त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या रानवनस्पतींची नोंद आहे. कंदमुळं तिथेही भेटतात. व्रताचं अन्न आणि दुष्काळाचं अन्न यांच्यात इतकं कमी अंतर होतं. जे मुळात थोडंच मिळतं, त्याला मुभा देताना किती खावं याची मर्यादा घालण्याचं शास्त्रकारांना कारणच पडलं नाही.

या मुभेमागे नांगराचा विचार असावा असं ऋषिपंचमीकडे पाहून वाटतं. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, हा नियम आजही अनेक घरांत पाळतात. अळू, माठ, सुरण, पडवळ, लाल भोपळा अशा परसातल्या भाज्यांची एकत्र भाजी होते. कित्येक जणी तिच्यात तेलही घालत नाहीत, आणि तेलघाणा बैलच ओढायचा हे आठवलं की त्यामागची संगती कळते. भात खायचाच तर आपोआप उगवलेला देवभात. हातांनी लावलेलं, फावड्याने उकरलेलं तेवढं चालतं. कमी कर्बोदकांच्या शाकाहारी जेवणाचा नमुना मराठी पंचांगात शोधायचाच असेल, तर तो एकादशीपेक्षा इथे जास्त सापडेल. मात्र हा दिवस वर्षातून एकदा येतो, आणि ते व्रत मुख्यतः बायकांच्या वाट्याला आलं आहे.

नांगराची ही कसोटी एकादशीला लावली की मात्र ती अडखळते. पुराणांनी एकादशीला दिलेलं कारण वेगळंच आहे: त्या दिवशी पाप अन्नात वस्ती करतं. वरीचं उदाहरण तर पंचाईतच करतं. वरई म्हणजे भगर हे सरळ सरळ तृणधान्य आहे, गवताचंच बी, तरी ती उपवासाला चालते. सह्याद्रीच्या उतारावरच्या वरकस जमिनीत ती पिकते, म्हणून ती ‘शेतातली’ नव्हे, असं म्हणायला जावं तर त्याच वरकस जमिनीत नाचणी पिकते, आणि नाचणी उपवासाला चालत नाही. दोन्ही एकाच डोंगरावरची, एकाच हातांनी पेरलेली. मग फरक कशात? मला दिसतो तो एवढाच, की नाचणी ही कोकणात आणि घाटमाथ्यावर रोजची भाकरी होती. वरी मात्र ज्या गावातल्या आणि पेठेतल्या घरांनी उपवासाचे संकेत घडवले, त्यांच्या रोजच्या पानात नव्हती. वरी खाऊन दिवस काढणाऱ्या डोंगरातल्या माणसाला कुणी विचारलं नसणार. नियम वनस्पतिशास्त्राचा नव्हता, पोषणाचा तर नव्हताच. रोजच्या ताटात जे असतं ते आज नको, असा तो होता, आणि ताट ठरवणाऱ्यांचं होतं.

हे मान्य केलं की पुढचा इतिहास सरळ उलगडतो. पोर्तुगीजांच्या जहाजांमागोमाग अमेरिका खंडातली पिकं पश्चिम किनाऱ्यावर आली. रताळं, मिरची, पुढे भुईमूग. राजगिऱ्याच्या दाण्याच्या जातींचं मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेतच दाखवतात. बटाट्याचा खरा प्रसार इंग्रजांच्या काळातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला महाबळेश्वरच्या तुरुंगातले चिनी कैदी तो पिकवत असत, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्याच्या खेड-जुन्नर भागात तो बाजाराचं पीक झाला. शास्त्रांच्या यादीत ही नावं असणं शक्यच नव्हतं, पण मनाईही नव्हती. बटाटा जमिनीखाली येतो, म्हणजे मूळ, मूळ चालतं. वनस्पतिशास्त्र त्याला खोड म्हणतं, पण ओट्यापाशी ते कोण ऐकतो?

साबुदाण्याची वाट याहून लांबची आहे. मूळचा सागो हा मलुकू बेटांकडच्या एका ताडाच्या खोडातला गर. मार्को पोलोने तेराव्या शतकात सुमात्रात झाडापासून निघणारं हे पीठ पाहून त्याचं वर्णन केलं आहे. एकोणिसाव्या शतकात तो मलायाकडून आपल्याकडे यायचा तेव्हा त्याचं स्थान आजाऱ्याच्या पथ्यात होतं: पचायला हलका, दुधात शिजवून द्यायचा. हळूहळू त्याच दाण्यांसाठी ताडाऐवजी कसाव्याचं पिष्ट वापरात आलं. कसावा हे दक्षिण अमेरिकेतलं मूळ. त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ महाराजांनी (कारकीर्द १८८० ते १८८५) तांदळाची तूट भरून काढायला त्याची लागवड वाढवली. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये मलाया आणि सिंगापूर घेतल्यावर आयात थांबली, आणि लवकरच तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास कसाव्यापासून साबुदाणा करण्याचे कारखाने उभे राहिले. कंद किसून, धुऊन, चोथा टाकून देऊन फक्त पिष्ट तळाशी बसू द्यायचं, त्याच्या गोळ्या वळायच्या आणि भाजायच्या. कंदात जे थोडं दुसरं काही असतं तेही या कृतीत धुऊन जातं. म्हणजे ज्या साबुदाण्याच्या खिचडीला आपण सनातन समजतो, तिच्यातला दाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि मिरची यांपैकी एकही हेमाद्रीच्या स्वयंपाकघरात नव्हतं.

इथे कुणी विचारेल की नवं ते सगळं चालत असेल, तर टोमॅटो, मका, फ्लॉवर हेही नवेच; ते बहुतेक घरांत उपवासाला का चालत नाहीत? प्रश्न रास्त आहे आणि त्याने माझं म्हणणं थोडं घट्टच होतं. मका आला तो दळून भाकरी होणाऱ्या धान्याच्या रांगेत, म्हणून धान्याबरोबर बाहेर राहिला. टोमॅटो-फ्लॉवर आले ते रोजच्या भाजीच्या वाटीत, आणि त्यांनी भूक भागत नाही. उपवासाला अशी वस्तू हवी होती जी भाकरीची नव्हे, पण भाकरीचं काम करील. हे काम पिष्टच करतं. म्हणून साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाडा भाजून दळलेली उपवासाची भाजणी निघाली, आणि तिचं थालीपीठ होऊ लागलं. नियम पाळून भाकरी परत ताटात आली. बटाटा दरम्यान रोजच्या भाजीत आणि वड्यात जाऊन बसला, तरी उपवासातून त्याला कुणी उठवलं नाही. एकदा दिलेली जागा रूढी परत घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आषाढी येते ती पेरणीच्या दिवसांत. वारकरी तर शेकडो मैल चालून पंढरपूर गाठतो. अशा माणसाच्या उपवासात पिष्ट नको म्हणणं हा शुद्ध शहरी चोचला आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. राबणाऱ्या शरीराला एका दिवसाच्या व्रतात रताळं किंवा वरी मिळाली, तर ती व्रतातली फसवणूक नव्हे, शहाणपण आहे. माझा आक्षेप व्रतावर नाही, तर व्रताच्या ताटाला औषधाचं ताट समजण्यावर आहे. वर्षाच्या २४ एकादश्या, त्यात संकष्ट्या, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस मिळवले, आणि माणूस दिवसभर खुर्चीत बसणारा असला, तर हिशेब पार बदलतो.

हिशेब आकड्यांतच पाहू. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ७२ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच कोरड्या साबुदाण्यात कर्बोदकं ८७ ग्रॅम, आणि प्रथिनं ग्रॅमभरसुद्धा नाहीत. म्हणजे भाकरी सोडून खिचडी घेणाऱ्याने कर्बोदकं वाढवली. वर धान्याबरोबर कडधान्यंही वर्ज्य असल्यामुळे शाकाहाऱ्याचा प्रथिनांचा मुख्य आधार, तूर-मूग-मटकी, तोही गेला. कमी कर्बोदकांच्या आहारात नेमकं जे टिकवायला हवं ते उपवासाने काढलं, आणि जे कमी करायचं त्याला पाट मांडून बसवलं. राजगिरा यातून काहीसा वेगळा पडतो. त्याच्यात प्रथिनं १३-१४ ग्रॅम आहेत, पण कर्बोदकं साठीच्या घरातच, त्यामुळे गुळात वळलेला लाडू कुणाला वाचवणार नाही. खरा अपवाद शेंगदाणा: प्रथिनं २५ ग्रॅम, स्निग्धांश ४० च्या आसपास, कर्बोदकं पिष्टाच्या पदार्थांच्या मानाने थोडी. तोही परदेशी, तोही उशिरा आलेला, पण मराठी उपवासाने त्याला कायम दुय्यम ठेवलं. खिचडीवर कूट म्हणून भुरभुरलं, भगरीबरोबर आमटी केली. त्या आमटीची वाटी मोठी करून भगर चमच्या-दोन चमच्यांवर आणली, बटाट्याच्या जागी काकडीची दह्यातली कोशिंबीर, ओलं खोबरं आणि ताक घेतलं, तर उपवासाच्या डब्यांतूनच वेगळं जेवण उभं राहतं. त्यातली एकही वस्तू परंपरेने नाकारलेली नाही.