हवाईची पंगत

ज्या हवाई बेटांत स्त्री-पुरुषांनी एका पंक्तीस जेवणे हा देहान्ताचा अपराध गणला जाई, आणि डुकराचे मांस, नारळ व बहुतेक जातींची केळी स्त्रियांस वर्ज्य असत, तेथे १८१९ च्या नोव्हेंबरात कैलुआ येथे तरुण राजा दुसरा कामेहामेहा राजस्त्रियांच्या पंक्तीस येऊन बसला, आणि शतकांचा तो दस्तूर एका भोजनाने मोडीत निघाला. आज विवाहाच्या स्वागतसमारंभांत हौसेने योजिली जाणारी ‘लुआऊ’ मेजवानी ही त्या धैर्याचीच संतती होय. जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर केळीची सोपटे अंथरून अख्खे डुक्कर पुरून शिजविण्याची रीत मात्र त्याहून पुष्कळ प्राचीन. सोबतीस अळकुड्या शिजवून, कुटून केलेला, बोटांनी चाखावयाचा ‘पोई’. आमच्या लग्नपंगतीत अळूच्या पानांचा सन्मान झाला. कंदाचा झाला नाही, याची मला खंत वाटते.