दफ्तर नसलेले हुकूम

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या भांडार विभागात माझी बरीच वर्षे गेली. संगणक मी तिथेच शिकलो, विचारत आणि चुकत. २००७ साली एका सोमवारी आमच्या भांडारपालांचा संगणक नव्याने फॉरमॅट होऊन आला. कंत्राटी कामगारांचे गेटपास ते मराठीत करत. मराठी कळफलक जोडायला मी कंट्रोल पॅनल उघडू लागलो, तर ते उघडेचना. प्रशासकाने मनाई केली आहे, एवढाच संदेश. हा प्रशासक कोण, हे आमच्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हते. तीन आठवडे पास हाताने लिहिले गेले. मग एका सकाळी कंट्रोल पॅनल आपोआप उघडले. पुढे मी या प्रकरणाचा कागद शोधला. हुकूम कोणाचा, कशासाठी, मागे का घेतला, याची एक ओळही कुठे नव्हती.

जुन्या कागदपत्रांच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट चटका लावून गेली. पेशवे दफ्तरात साध्या बैलाच्या खर्चाचीही नोंद सापडते, आणि इथे शेकडो माणसांच्या कामाचा नियम बदलला तरी मागमूस नाही.

असे का होते, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि मोठ्या यंत्राला बांधलेला टर्मिनलवाला आपल्या टेबलाचा मालक झाला. पण टेबले शेकड्यांनी वाढली, तेव्हा प्रत्येकाकडे जाऊन सेटिंग करणे अशक्य झाले. १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये एका जागेवरून नियम धाडायची सोय होती, पण तो नियम काढला तरी त्याचा परिणाम यंत्रात राहायचा. तंत्रज्ञ त्याला गोंदण म्हणत. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बरोबर ‘ग्रुप पॉलिसी’ आली. सर्व्हरवर नियम एकदाच लिहायचा. कार्यालयातले संगणक साधारण दर दीड तासाने तो स्वतः विचारून घेतात. आधी यंत्राचा स्वतःचा नियम, मग जागेचा, मग संपूर्ण डोमेनचा, शेवटी विभागाचा. दोहोंत विरोध आला तर सामान्यतः शेवटचा खरा. आणि नियम मागे घेतला की गोंदणही पुसले जाते. तंत्रज्ञाला हा गुण वाटतो. इतिहास शोधणाऱ्याचा पुरावा मात्र त्याबरोबरच जातो.

मध्यवर्ती नियम आपल्या भागाला नवा नाही. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला. सुमारे १८७० पासून देशातल्या गाड्या मद्रास वेळेवर धावू लागल्या. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे. मुंबईकर आपल्या वेळेला पुढे कित्येक दशके चिकटून राहिले. गंमत अशी, की आजही डोमेनमधल्या संगणकाचे घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकले, तर सर्व्हर त्याची ओळखच मानत नाही. फरक एवढाच, की वेळेचा वाद सभांत आणि वर्तमानपत्रांत झाला, म्हणून आज तो आपल्याला वाचता येतो.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका पुढे संगणकीकरणात राज्यात आघाडीवर गेली. तिची नागरी सुविधा केंद्रांची पद्धत इतर नगरपालिकांसाठी नमुना ठरली. कराचे बिल किंवा जन्मदाखला एका खिडकीवर मिळू लागला, हे लहान काम नव्हे. पण खिडकी एक झाली, की तिच्यामागच्या कारकुनाला काय दिसावे, काय बदलता यावे, हेही कुणीतरी ठरवावेच लागते. पूर्वी असा निर्णय परिपत्रकाने होई. त्यावर जावक क्रमांक असे, सही असे. आता तो एका चौकोनात खूण करून होतो.

मध्यवर्ती नियमांना माझा विरोध नाही. व्हायरसने भरलेले पेनड्राइव्ह लावून आख्खे कार्यालय बंद पडलेले मी पाहिले आहे. मागणी एवढीच, की हुकुमाला दफ्तर असावे. विंडोज सर्व्हर २००८ पासून प्रत्येक नियमाला टिपण जोडायची जागा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ती कोरी होती. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक कार्यालयांना सांगते. ते कारण चौकोनातल्या खुणेलाही लागू व्हायला नको का?

भांडारपाल केव्हाच निवृत्त झाले. त्या तीन आठवड्यांचे हाताने लिहिलेले पास त्यांनी मला दिले. ठसठशीत देवनागरीत नाव, गाव, ठेकेदार. त्या हुकुमाचा जगात उरलेला पुरावा बहुधा एवढाच.