बिंगेनची हिल्डेगार्ड

संतांची कीर्तीही काळाच्या ओघात ओसरते. कित्येकांचे नाव पंचांगातील एका दिवसापुरते उरते. जर्मनीत र्‍हाईन नदीच्या काठी राहिलेली हिल्डेगार्ड मात्र साडेआठशे वर्षे लोकांच्या स्मरणात आहे. विशेष हे की, प्रत्येक युगाने तिचे निराळे रूप आपलेसे केले.

१०९८ साली जन्मलेली ही मुलगी बालपणीच धर्माला वाहिली गेली आणि १११२ मध्ये डिसिबोडेनबर्गच्या मठात बंदिस्त जीवन जगू लागली. तिला तेजोमय दर्शने घडत. परंतु ती लिहून काढण्याचे धैर्य तिला १১४१ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी झाले. पुढे सुमारे १১५० मध्ये मठाधिपतीचा विरोध न जुमानता तिने आपल्या भगिनींसह बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ वसवला.

मध्ययुगाने तिला भविष्यवादिनी मानले. १२२० च्या सुमारास एका मठवासीयाने केलेला तिच्या भाकितांचा संग्रह दूरवर वाचला गेला. आधुनिक काळाने तिच्या ग्रंथांतून वनस्पती आणि औषधे वेचली. १९८२ मध्ये इंग्लंडात निघालेल्या ध्वनिमुद्रिकेने तिची स्तोत्रे घरोघरी पोचवली. २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला चर्चच्या आचार्यांत स्थान दिले.

या सर्व रूपांच्या मुळाशी असलेली स्त्री १১७८ सालच्या एका प्रसंगात स्पष्ट दिसते. एकदा बहिष्कृत झालेल्या एका सरदाराला तिने मठाच्या भूमीत मूठमाती दिली. मृत्यूपूर्वी त्याला पुन्हा धर्मात घेतले होते, असे तिचे म्हणणे. माइन्सच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरून काढण्यास सांगितले; तिने नकार दिला. तेव्हा मठातील गायन आणि प्रभुभोजन बंद झाले. प्रार्थना पुटपुटूनच म्हणावी लागे. ऐंशी वर्षांच्या हिल्डेगार्डने पत्र धाडले: संगीत ही मानवाने गमावलेल्या नंदनवनाची आठवण आहे; अन्यायाने ईश्वराचे स्तवन थांबवणाऱ्यांना देवदूतांच्या गायनात वाटा मिळणार नाही. तिच्या ‘ऑर्डो व्हर्चूटम’ या संगीतनाट्यात सैतान तेवढा गाऊ शकत नाही, हे येथे आठवते. ११७९ मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला तिने देह ठेवला.

तथापि केवळ तेजस्वितेने कीर्ती टिकत नाही. तिला जपणारे हात लागतात. १६३२ मध्ये स्वीडिश सैन्याने रूपर्ट्सबर्गचा मठ उद्ध्वस्त केला. पण तिचे अवशेष नदीपलीकडच्या आयबिंगेन येथे पोचले. तेथील मठवासिनींनी १९२७ ते १९३३ या काळात तिच्या ‘स्किविआस’ या सचित्र हस्तलिखिताची रेषा न् रेषा उतरवून घेतली. मूळ प्रत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये नाहीशी झाली. आज जग ती रंगीत दर्शने पाहते, ती त्या भगिनींच्या परिश्रमांमुळे. जिने गाणे थांबू दिले नाही, तिचा आवाज तिच्याच वारसदारांनी राखला.