शॅल व मे

इंग्रजीतील दोन साहाय्यक क्रियापदे. कायद्याच्या मसुद्यात ‘शॅल’ने कर्तव्य आणि ‘मे’ने अधिकार किंवा मुभा सांगण्याचा प्रघात आहे. दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतले. पहिल्याचा मूळ अर्थ ‘देणे लागणे’, तर दुसऱ्याचा ‘समर्थ असणे’.

व्याकरण : दोहोंपुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, तृतीयपुरुषी एकवचनातही ‘एस’ लागत नाही. ‘शुड’ व ‘माइट’ ही त्यांची भूतकालवाचक रूपे आता बहुधा सल्ला व शक्यता दर्शवतात.

कायद्यातील उपयोग : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३ मध्ये दोन्ही शब्द आढळतात. नवे राज्य निर्माण करणे संसदेच्या इच्छेवर आहे, म्हणून तेथे ‘मे’ आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये याच अधिकारातून झाली. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडण्यास मात्र ‘शॅल’ने मनाई केली आहे. अशी निषेधार्थी तरतूद न्यायालये सहसा बंधनकारक धरतात.

होकारार्थी ‘शॅल’चे तसे नाही. सरकारी नोकरावरील शिस्तभंगाच्या प्रकरणात लोकसेवा आयोगाचा विचार घ्यावा, असे अनुच्छेद ३२०(३) ‘शॅल’ वापरूनच सांगतो. तरीही उत्तर प्रदेश राज्य वि. मनबोधनलाल श्रीवास्तव (१९५७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद केवळ निदेशात्मक ठरवली. आयोगाचा सल्ला शासनावर बंधनकारक नाही, काही बाबी विनियमांनी वगळण्याची सोय त्याच अनुच्छेदात आहे आणि त्यातून नोकराला कोणताही हक्क मिळत नाही, ही त्याची कारणे. त्यामुळे विचारविनिमय झाला नाही एवढ्यावरून आदेश रद्द होत नाही. शब्दापेक्षा तरतुदीचा हेतू व परिणाम पाहावा, हे या निकालातून शिकण्यासारखे आहे.

ब्रिटनमधील ज्यूलियस वि. बिशप ऑफ ऑक्सफर्ड (१८८०) या खटल्यातील ‘इट शॅल बी लॉफुल’ या शब्दयोजनेत ‘शॅल’ असूनही तिने फक्त अधिकार मिळतो, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले. मात्र तो वापरण्याचे कर्तव्य परिस्थितीवरून उद्भवू शकते.

एकाच कायद्यात ‘शॅल’ कधी कर्तव्यासाठी, कधी नुसत्या घोषणेसाठी योजणे हा मसुद्यातला गंभीर दोष होय. त्याची झळ पक्षकाराला बसते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात कर्तव्यासाठी ‘मस्ट’ आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतूनही २००७ मध्ये ‘शॅल’ काढले गेले. महाराष्ट्राच्या मराठी अधिनियमांत ‘शॅल’साठी ‘करील’ आणि ‘मे’साठी ‘करता येईल’ अशी रचना रूढ आहे.

बोलीतील उपयोग : ‘शॅल’ आता मुख्यतः उत्तमपुरुषी प्रश्नात उरला आहे.