संश्लेषक वाद्ये, महाराष्ट्रातील
संश्लेषक वाद्ये, महाराष्ट्रातील : विद्युत् मंडलांच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करून त्याला हवा तसा आकार देणाऱ्या वाद्यांस संश्लेषक वाद्ये म्हणतात. व्यवहारात ‘सिंथेसायझर’ हाच शब्द रूढ आहे. लग्नसमारंभांत व गणेशोत्सवात तर कळफलकाच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनीय वाद्याला, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, सर्रास ‘कॅसिओ’ म्हटले जाते. महाराष्ट्रात ही वाद्ये प्रयोगशाळेच्या वाटेने आली नाहीत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्यावसायिक वादकांनी ती आणली आणि रोजच्या ध्वनिमुद्रणात राबविली. कोणते वाद्य घ्यावयाचे, हा निर्णय म्हणून तेथे दोन प्रश्नांशी निगडित राहिला : त्या वाद्यातून आपला स्वर वळतो काय, आणि ते आल्याने काम वाढते की कोणाचे तरी जाते.

पहिला प्रश्न संश्लेषकापेक्षा जुना आहे. हार्मोनियमच्या प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला असतो. दोन सुरांमधील मींड तीतून निघत नाही. या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी केली व ती सुमारे तीन दशके टिकली. चित्रपटसृष्टीने मात्र असला सोवळेपणा कधीच पाळला नाही. क्लॅव्हिओलिन हे १९४७ च्या सुमारास काँस्तां मार्तँ या फ्रेंच तंत्रज्ञाने बनविलेले, निर्वात नलिकांवर चालणारे लहानसे कळफलक-वाद्य. त्यात एका वेळी एकच सूर वाजे. नागिन (१९५४) या चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतनियोजनात कल्याणजी वीरजी शहा यांनी या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर मिळून पुंगीचा आभास निर्माण केला. पुंगीचा नाद सानुनासिक व अखंड असतो; श्वासासाठी तो तुटत नाही. नेमके हे दोन गुण क्लॅव्हिओलिनमध्ये होते. ही निवड इतकी अचूक होती, की तो आवाज खऱ्या पुंगीचा नव्हे हे पुष्कळ श्रोत्यांना सांगूनही पटत नसे.

रॉबर्ट मूग यांच्या संश्लेषकाने पुढचे पाऊल टाकले. त्याची रचना तत्त्वतः सोपी आहे. आंदोलक मूळ स्वर देतो, छानक त्यातील नको ते उपस्वर गाळून नादाचा रंग ठरवितो आणि विवर्धक त्याच्या चढउताराला वळण देतो. या तिघांवर विद्युत् दाबाने नियंत्रण ठेवले जाते. १९७० मध्ये निघालेल्या मिनीमूगमध्ये तीन आंदोलक व ४४ पट्ट्या होत्या. डाव्या हाताशी असलेले चाक फिरवून सूर चढविता-उतरविता येई आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय होती. एका वेळी एकच सूर वाजणे ही पाश्चात्त्यांच्या दृष्टीने त्याची उणीव. एकस्वरी गतीच्या आपल्या संगीताला तिची फारशी अडचण नव्हती. मुंबईत हे वाद्य चित्रपटसंगीतात आणण्याचे श्रेय केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) यांना दिले जाते. कावस लॉर्ड या नामांकित तालवादकाचे ते पुत्र. स्वतः तालवाद्ये, ॲकॉर्डियन व ग्लॉकेनस्पील वाजवीत. याच सुमारास, १९६९ पासून, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूग संश्लेषकाचा कक्ष उभारला गेला होता. तेथे काही वर्षे मोलाचे प्रयोग झाले. पण त्या ध्वनिफिती दीर्घकाळ संस्थेतच पडून राहिल्या व निवडक ध्वनिमुद्रणे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईतील वादकाला अशी उसंत नव्हती. त्याचे वाद्य दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिमुद्रणगृहात वाजलेच पाहिजे.

या निवडीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चरणजितसिंग (१९४०–२०१५). ते मुंबईतील चित्रपट-वाद्यवृंदांत गिटार व कळफलक-वाद्ये वाजवीत. त्या काळी आयातीवर कडक निर्बंध व भारी जकात असल्याने परदेश-दौरा हीच वाद्यखरेदीची संधी असे. चरणजितसिंगांनी सिंगापुरात रोलँड या जपानी कंपनीची यंत्रे घेतली. त्यांपैकी ज्युपिटर–८ हा आठ सूर एकत्र वाजविणारा महागडा संश्लेषक, टीआर–८०८ तालयंत्र, आणि टीबी–३०३ ही एकट्या गिटारवादकाला मंद्र सुरांची साथ मिळावी म्हणून केलेली चंदेरी पेटी. टीबी–३०३ विक्रीत अपयशी ठरली व १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मात्र दिलेली सुरावट ती न थकता पुनःपुन्हा वाजवी आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय तीत होती. या तीन यंत्रांवर चरणजितसिंगांनी भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. १९८२ मधील या ध्वनिमुद्रणाची तबकडी एचएमव्हीने काढली. ती फारशी खपली नाही.

शिकागोमध्ये १९८७ मध्ये याच टीबी–३०३ वर ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला. २०१० मध्ये मुंबईच्या तबकडीची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले आणि चरणजितसिंगांना त्या प्रकाराचे जनक ठरविण्याची अहमहमिका लागली. हा गौरव अस्थानी होय. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. साम्य आहे ते यंत्राच्या स्वभावातून आलेले. रागांच्या दृष्टीने पाहता भैरवातील आंदोलित रिषभ-धैवत या यंत्रांतून पुरते उमटत नाहीत, आणि अथक ठेका स्वराला विसावू देत नाही. तरीही सुरांची घसरण साधणारी यंत्रे हेरण्यात एका व्यावसायिक वादकाचा तयार कान दिसतो, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा प्रश्न १९८३ नंतर तीव्र झाला. त्या वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांस जोडणारी ‘मिडी’ ही सामाईक पद्धती आणि यामाहा कंपनीचा डीएक्स–७ हा अंकीय संश्लेषक, दोन्ही बाजारात आली. तोवर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत व्हायोलिनवादकांचे ताफे, गोव्याचे ट्रंपेट व सॅक्सोफोनवादक, तालवाद्यांची रांग असा मोठा मेळ एकाच वेळी बसे आणि संश्लेषक हा त्यातील एक सभासद असे. बहुपथ ध्वनिमुद्रण रुळल्यावर एकेक वाद्य सवडीने, वेगवेगळ्या दिवशी भरता येऊ लागले. पुढे संगणकाने उरलेली गरजही संपविली. १९९० नंतरच्या दशकात मोठे वाद्यवृंद विरळ झाले व अनेक कुटुंबांची पिढीजात उपजीविका गेली. निर्मात्याच्या हिशेबात मात्र ही बचत ठरली.

मुंबईबाहेरच्या वाद्यवृंदांत चित्र निराळे होते. चित्रपटगीते रंगमंचावर हुबेहूब वाजविणारे ‘ऑर्केस्ट्रा’ शहरोशहरी होते आणि त्यांना वीस व्हायोलिने परवडणारी नव्हतीच. नागपूर हे अशा वाद्यवृंदांचे एक महत्त्वाचे केंद्र. पियानो व ॲकॉर्डियन वाजविणारे विजय पाटील (१९४२–२०२१) तेथूनच पुढे आले. दादा कोंडके यांच्या पांडू हवालदार (१९७५) पासून त्यांनी ‘राम-लक्ष्मण’ या जोडनावाने चित्रपटांना संगीत दिले आणि सुरेंद्र या सहकाऱ्याच्या अकाली निधनानंतरही ते नाव सोडले नाही. अशा वाद्यवृंदांत संश्लेषकाने कोणाला घालविले नाही. नसलेल्या वादकांची जागा त्याने भरली. तालवाद्यांत हेच काम रोलँडच्या ऑक्टापॅडने (१९८५) केले. आठ चौकोनी फळ्यांच्या या मूळ यंत्राला स्वतःचा आवाज नव्हता. फळीवर काठी मारली की जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून तो निघे. पुढच्या यंत्रांत आवाज आतच भरलेले आले. काँगो, ड्रम, डफ, घुंगरू हे सारे त्यामुळे एका माणसाच्या हाती आले. ढोलकी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळीच राहिली : लावणीत धुमेवर तळहात घासून काढलेला घुमारा काठीच्या टोल्याने निघत नाही.